सौम्यता (ख्रिस्ती सद्गुण)

सौम्यता हा ख्रिस्ती नीतिशास्त्रातील एक प्रमुख सद्गुण आहे. सामर्थ्य, अधिकार किंवा न्याय्य संताप हाती असूनही त्याचा वापर स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी न करता दुसऱ्याच्या हितासाठी संयमाने करणे, असा त्याचा थोडक्यात अर्थ सांगता येतो. 'लीनता', 'नम्रता' आणि 'मृदुता' हे शब्दही मराठीत या अर्थाने वापरले जातात. तथापि त्यांच्या छटा एकमेकींहून भिन्न आहेत. मंडळीचे पाळक, धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्या जीवनात या सद्गुणाला विशेष महत्त्व आहे, कारण त्यांच्या हाती माणसांच्या श्रद्धेवरील अधिकार असतो.

व्युत्पत्ती व अर्थ

संस्कृत 'सौम्य' हा शब्द 'सोम' म्हणजे चंद्र या शब्दाशी जोडला जातो. शीतल, डोळ्यांना न खुपणारा प्रकाश ही त्यामागील कल्पना होय. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'प्राउतेस' हा आहे. तो शब्द मवाळ स्वभावासाठी आणि माणसाळवलेल्या प्राण्यासाठीही वापरला जात असे. माणसाळलेल्या घोड्याचे बळ नाहीसे होत नाही, ते केवळ ताब्यात येते. म्हणून अनेक भाष्यकार सौम्यतेचे वर्णन 'ताब्यात ठेवलेले बळ' असे करतात. जुन्या करारातील हिब्रू शब्द 'अनाव' याचा संबंध दारिद्र्य व पीडा यांच्याशी आहे. ज्याला आधार द्यायला ईश्वराखेरीज कोणी उरलेले नाही असा गांजलेला माणूस, ही त्याची मूळ छटा होय.

या दोन छटा लक्षात घेतल्यास सौम्यतेचे दोन पैलू स्पष्ट होतात. बलवानाच्या बाबतीत सौम्यता म्हणजे बळाचा संयम. दुर्बलाच्या बाबतीत ती सूडाऐवजी ईश्वरी न्यायावर ठेवलेला भरवसा होय. दुर्बलाने बलवानाच्या अन्यायाला मुकाट्याने मान तुकवावी, असा अर्थ यांपैकी कोणत्याही शब्दात नाही.

बायबलमधील संदर्भ

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनाच्या आरंभी येशू ख्रिस्ताने ज्यांना धन्य म्हटले त्यांत सौम्य माणसांचा तिसरा क्रमांक आहे. त्यांना पृथ्वीचा वारसा मिळेल, असे अभिवचन तेथे दिले आहे. हे अभिवचन सदतिसाव्या स्तोत्रावर आधारलेले असून, दुष्टांची भरभराट पाहून जळफळू नये असा त्या स्तोत्राचा आशय आहे.

प्रचलित मराठी बायबलमध्ये या वारशासाठी 'वतन' हा शब्द योजला आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने हा शब्द केवळ धार्मिक नाही. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण यांसारख्या वंशपरंपरागत हक्कांना महाराष्ट्रात वतन म्हणत. त्याच व्यवस्थेतील महार वतन मात्र हक्कापेक्षा राबवणुकीचे साधन ठरले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याविरुद्ध १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. सौम्यांना वतन मिळेल या वचनाचा अर्थ लावताना हा इतिहास दृष्टीआड करता येत नाही: ज्यांना जमिनीचा तुकडाही नाही त्यांना पृथ्वी मिळेल, असा उलटापालटीचा आशय त्या वचनात आहे.

गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मोशे हा पृथ्वीवरील सर्वांत नम्र मनुष्य होता असे म्हटले आहे. तेथील प्रसंग असा: मिर्याम व अहरोन ही त्याची भावंडे त्याच्या पत्नीच्या निमित्ताने त्याच्याविरुद्ध बोलली आणि त्याच्या नेतृत्वावरही त्यांनी आक्षेप घेतला. मोशेने स्वतःचा बचाव केला नाही. पुढे मिर्यामला कोड फुटले तेव्हा तिच्यासाठी त्याने प्रार्थना केली. मात्र हाच मोशे फारोसमोर गुलामांची सुटका मागताना कचरला नव्हता. स्वतःच्या मानापमानाबाबत मौन आणि इतरांवरील अन्यायाबाबत निर्भय वाणी, ही त्याच्या सौम्यतेची खूण मानली जाते.

येशूने मत्तयाच्या अकराव्या अध्यायात स्वतःला सौम्य व लीन म्हणवले आहे. यरुशलेमेत तो घोड्यावरून नव्हे, तर गाढवावरून गेला. शिष्यांचे पाय त्याने धुतले. तरीही मंदिरातील सराफांचे चौरंग त्याने उलथून टाकले आणि चौकशीच्या वेळी चपराक मारणाऱ्या शिपायाला मारण्याचे कारण विचारले. पौलाच्या पत्रांत सौम्यता ही पवित्र आत्म्याच्या फळांपैकी एक म्हणून येते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात विरोधकांना सौम्यतेने शिकवावे असे सांगितले आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात वडिलांनी कळपावर धनीपण न गाजवता स्वतः कित्ता घालून द्यावा, असा उपदेश आहे.

तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या खंडात सौम्यता हा क्रोधासंबंधीचा मध्यममार्ग मानला. वाजवीपेक्षा अधिक रागावणे हा दोष, तसाच जेथे रागावणे योग्य तेथेही न रागावणे हा दोषच, असे त्याचे मत होते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने हाच विचार पुढे नेऊन सौम्यतेला संयमाच्या गटात बसवले आणि दयाशीलतेपासून तिचा भेद दाखवला. दयाशीलता बाह्य शिक्षा कमी करते, तर सौम्यता मनातील संतापाला आवर घालते.

पाळकांच्या संदर्भात पोप पहिला ग्रेगरी याचा सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला पाळकसेवेवरील ग्रंथ महत्त्वाचा आहे. एकच उपदेश सर्वांना लागू पडत नाही, गरीब व श्रीमंत, भित्रे व उद्दाम यांना निरनिराळ्या रीतीने समजवावे, हे त्यातील मुख्य सूत्र होय. १६५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड बॅक्स्टर याच्या इंग्रजी ग्रंथात पाळकाने इतरांना शिकवण्याआधी स्वतःकडे पाहावे, यावर भर आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरा

नेहेम्या (पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री) गोरे (१८२५–१८९५) यांचे चरित्र या सद्गुणाच्या संदर्भात अनेकदा सांगितले जाते. चित्पावन ब्राह्मण कुळातील हे पंडित काशीत वाढले. ख्रिस्ती मिशनऱ्यांचे खंडन करण्याच्या हेतूने ते वादात उतरले आणि दीर्घ विचारान्ती १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'षड्दर्शन दर्पण' हा हिंदी ग्रंथ लिहिण्याइतकी विद्वत्ता असूनही आचार्यपदाची दीक्षा त्यांनी बाप्तिस्म्यानंतर सुमारे दोन दशकांनी घेतली. त्यांच्या पत्रांचा पंडिता रमाबाईंच्या विचारांवर प्रभाव पडला. वादात प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्णपणे समजून घेण्याची त्यांची पद्धत ही विद्वानाच्या सौम्यतेचा नमुना ठरते.

कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीचा त्याग केला आणि 'देवाचा दरबार' ही बंधुसभा उभारण्याचा प्रयत्न केला. ओवी, अभंग व कीर्तन या देशी रूपांतून ख्रिस्तभक्ती मांडताना त्यांनी परदेशी चालीरीतींचा आग्रह बाजूस ठेवला.

चंद्रपूर व गडचिरोली

चंद्रपूरचे जुने नाव चांदा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने येथे मिशन चालवले. गोरे यांनीही या मिशनच्या प्रारंभकाळात चांद्यात सेवा केली. याच मिशनमधील ॲलेक्स वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि त्या परंपरेतील मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. कॅथलिक परंपरेत सिरो-मलबार चर्चचा चांदा धर्मप्रांत असून केरळमधून आलेल्या धर्मगुरूंनी तो उभारला. त्याला १९७७ मध्ये पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्याच्या पूर्वेकडील भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. या वनप्रदेशात झाडीबोली, गोंडी, माडिया, तर सिरोंचाकडे तेलुगू बोलली जाते. त्यामुळे बाहेरून आलेल्या पाळकाला आरंभीच आपण शिकवणारे नसून शिकणारे आहोत, हे मान्य करावे लागते. शाळा, वसतिगृह व दवाखाना यांच्याशी संस्थात्मक नाते असल्याने गरजू माणसाच्या दृष्टीने पाळकाचा शब्द वजनदार असतो. सौम्यतेची खरी कसोटी येथेच लागते: ज्याला नकार देणे परवडत नाही, त्याच्याशी कसे वागावे?

या परिसरातील अन्य कार्यांचे अनुभवही या प्रश्नावर प्रकाश टाकतात. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'सर्च' संस्थेने दवाखाना कसा असावा हे आदिवासींनाच विचारले. त्यांच्या सूचनेनुसार झोपड्यांसारख्या रचनेचे, नातेवाइकांना रुग्णासोबत राहता येईल असे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ग्रामसभेतील निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेण्याची रीत जपली. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. ही उदाहरणे ख्रिस्ती संस्थांची नाहीत. परंतु ऐकून घेतल्याने काम दुबळे होत नाही, उलट ते टिकते, हे त्यांतून दिसते.

पाळकांसाठी व्यावहारिक धडे

भाषा व वेळ: गोंडी किंवा माडिया भाषिकांमध्ये मराठीतूनच उपदेश करण्याचा आग्रह हा अधिकाराचाच एक प्रकार ठरतो. चुका होणार हे गृहीत धरून लोकांची भाषा शिकणे आणि आपल्यावर हसू देणे, हा सौम्यतेचा पहिला पाठ होय. मोहफुलांचा व तेंदूपत्त्याचा हंगाम, तसेच पावसाळ्यातील धानाची रोवणी या काळात उपासनेची वेळ लोकांच्या कामाशी जुळवून घ्यावी लागते. अनुपस्थितीला अश्रद्धा समजू नये.

ऐकणे: घरभेटीत पाळकाने आधी बोलावे असा संकेत रूढ असल्यास तो मोडणे हिताचे असते. दुःखात असलेल्या कुटुंबाला स्पष्टीकरणापेक्षा सोबतीची गरज अधिक असते.

टीका व आरोप: टीका झाल्यास ती आपल्या प्रतिष्ठेविषयी आहे की कर्तव्याविषयी, हे आधी तपासावे. प्रतिष्ठेविषयीच्या टीकेला उत्तर देण्याची घाई नसावी. कर्तव्यातील चूक असेल तर ती मंडळीसमोर कबूल करावी. पैशासंबंधीच्या आरोपात मात्र मौन हे सौम्यतेचे लक्षण नव्हे. तेथे हिशेब खुला करणे हेच योग्य उत्तर होय.

शिस्त: चुकलेल्या सभासदाशी प्रथम एकांतात बोलावे, ही मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील रीत आहे. व्यासपीठावरून नाव न घेता टोमणे मारणे ही सौम्यता नसून तिचे सोंग होय.

अन्य धर्मीयांशी व्यवहार: गोंड समाजातील पेन-उपासना, गावातील बौद्ध विहार किंवा वारकरी भजन यांची टवाळी करून ख्रिस्ताचा गौरव होत नाही. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे, असे पेत्राचे पहिले पत्र सांगते. मदत आणि धर्मांतर यांचा सौदा न करणे हे या आदराचे किमान रूप आहे.

अधिकार सोडणे: स्थानिक तरुणांना, विशेषतः स्त्रियांना, मंडळीचे काम सोपवून स्वतः मागे राहता येणे ही दीर्घ सेवेची कसोटी मानली जाते. पाळकाची बदली झाल्यावर मंडळी उभी राहत असेल, तर त्याने धनीपण गाजवले नव्हते असे म्हणता येते.

टीका व गैरसमज

जर्मन तत्त्ववेत्ता फ्रीड्रिख नीत्शे याने ख्रिस्ती सौम्यतेला दुर्बलांनी सद्गुणाचे नाव दिलेली असहायता म्हटले. दलित व स्त्रीवादी विचारवंतांचा आक्षेप याहून वेगळा आणि अधिक व्यावहारिक आहे: सौम्य राहण्याचा उपदेश बहुधा ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनाच केला जातो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत धम्मदीक्षेचा सोहळा झाला. शतकानुशतके लादलेली नम्रता नाकारून स्वाभिमान स्वीकारणाऱ्या समाजाच्या या भूमीत हा आक्षेप टाळून सौम्यतेचा उपदेश करता येत नाही.

या आक्षेपाला ख्रिस्ती धर्मशास्त्रातील उत्तर असे की, सौम्यता हा प्रथम अधिकार असणाऱ्याला दिलेला आदेश आहे. मारहाण सोसणाऱ्या पत्नीला, मजुरी बुडालेल्या मजुराला किंवा अत्याचार झालेल्या बालकाला पाळकाने सौम्यतेच्या नावाखाली गप्प राहण्यास सांगणे हा या सद्गुणाचा विपर्यास होय. अशा वेळी पीडिताच्या बाजूने उभे राहणे आणि कायद्याची मदत मिळवून देणे, हीच पाळकाची सौम्यता ठरते.

अन्य परंपरांतील समांतर कल्पना

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांत 'अमानित्व' प्रथम येते आणि ज्ञानेश्वरीत त्यावर विस्तृत निरूपण आहे. वारकरी परस्परांच्या पाया पडतात. त्यात वय किंवा जात पाहिली जात नाही. जैन धर्मातील दशलक्षण धर्मांत क्षमेनंतर 'मार्दव' येते आणि त्याचा अर्थ अहंकाराचा अभाव असा केला जातो. बौद्ध धर्मात 'खन्ती' म्हणजे सहनशीलता ही दहा पारमितांपैकी एक आहे. महात्मा गांधींनी डोंगरावरील प्रवचनाचा आपल्यावर खोल परिणाम झाल्याचे नमूद केले असून, अहिंसक प्रतिकारात सौम्यता आणि निर्भयता एकत्र नांदू शकतात हे त्यांच्या सत्याग्रहातून दिसून आले.