मेळ्यानंतरचा एकांत

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुका सह्याद्रीच्या डोंगररांगांत, गुजरातच्या सीमेलगत वसलेला आहे. तेथील आदिवासी गावांतून बोहाड्याचा उत्सव होतो. देवदेवतांचे व राक्षसांचे मुखवटे धारण केलेली सोंगे संबळाच्या तालावर नाचतात आणि सारा गाव रात्र जागवतो.

पहाट होते. काही मुले उन्हे वर आली तरी अंगणात त्याच सोंगांची नक्कल करीत असतात. एखादा मुलगा मात्र हळूच उठून नदीकाठच्या झाडाखाली एकटाच जाऊन बसतो. "हा एकलकोंडा आहे," असे कोणी म्हणते. "रुसला असेल," असे दुसरे म्हणते. परंतु तो रुसलेला नसतो. रात्री सर्वांबरोबर तोही हसला, नाचला; आता त्याच्या मनाला विसावा हवा असतो.

असे का होते? समुदायात अनेकांचे बोलणे ऐकावे लागते, चेहऱ्यांवरील भाव ओळखावे लागतात, उत्तरे द्यावी लागतात. या श्रमाने काहींची मने लवकर थकतात. काहींना मात्र त्यातूनच हुरूप येतो. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'अंतर्मुख' व 'बहिर्मुख' अशा दोन प्रवृत्तींचे विवेचन केले. यांतील कोणतीही प्रवृत्ती म्हणजे दोष नव्हे, आणि बहुतेक माणसांत दोन्हींचा थोडाथोडा अंश असतोच. संत तुकाराम देहूजवळच्या डोंगरावर एकांतात चिंतन करीत, आणि तेच लोकांसमोर कीर्तनात रंगून जात.

मुलांनो, तुमचे मन असे थकले, तर घरी सांगून थोडा वेळ शांत बसा. चित्र काढा, पुस्तक वाचा किंवा झाडांकडे नुसते पाहत राहा. मन ताजे झाले म्हणजे पुन्हा सोबत्यांत मिसळा. मात्र एकटे असताना मन उदासच राहू लागले, तर ते वडील माणसांपाशी मोकळेपणाने बोला. आणि तुमचा एखादा सोबती असा बाजूला बसलेला दिसला, तर त्याची थट्टा करू नका.

उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणतात. त्यातील पाणी उपसले, की थोडे थांबावे लागते. घाईने ढवळले, तर हाती गढूळ पाणी येते. धीर धरला, तर झिरा पुन्हा नितळ पाण्याने भरतो. मनाचेही तसेच आहे.