आयोवांतील सायकलस्वारांचा मेळा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आयोवा म्हणून मक्याच्या शेतांचें एक संस्थान आहे. १९७३ पासून, २०२० सालचा अपवाद सोडल्यास, तेथें दर उन्हाळ्यांत सायकलस्वारांचा मोठा मेळा पश्चिमेच्या मिसूरी नदीकडून पूर्वेच्या मिसिसिपी नदीकडे जातो. निघतांना मागचें चाक मिसूरींत व पोहोंचल्यावर पुढचें चाक मिसिसिपींत बुडवावयाचें, असा परिपाठ आहे. मेळ्याचें 'रॅगब्राय' हें चमत्कारिक नांव त्याच्या लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांचें बनलें आहे.

असा उपक्रम एखाद्या बड्या मंडळानें ठराव करून काढला असेल असें वाचकांस वाटेल. पण त्याचें मूळ अगदींच साधें आहे. डे मॉइन शहरच्या 'रजिस्टर' पत्राचे जॉन कॅरस व डोनल्ड कॉल हे दोघे लेखक सायकलीचे शौकी. सायकलीवरून संस्थान ओलांडावें व वाटेंत दिसेल तें लिहावें, ही कल्पना त्यांची. वाचकांनाही बरोबर बोलवा, ही सूचना पत्राच्या संपादकांची. १९७३ च्या ऑगस्टअखेर सू सिटीहून सुमारें ३०० माणसें निघालीं. सहा दिवसांनीं डॅव्हनपोर्टला सबंध वाट पुरी केलेलीं ११४ भरलीं. त्यांत क्लॅरेन्स पिकार्ड नांवाचे ८३ वर्षांचे गृहस्थ होते. सायकल बायकी, आणि भर उन्हाळ्यांत अंगांत लांब बाह्यांचे कपडे! त्यांची हकीकत पत्रांतून वाचून पुष्कळांना आपणही जावेंसें वाटूं लागलें. शाळा सुरू झाल्यामुळें ज्यांचें येणें हुकलें, त्यांनीं तक्रारी केल्या. म्हणून पुढल्या वर्षीं प्रवास आधीं ठेवला. तेव्हां अडीच हजारांहून अधिक लोक जमले.

इतक्या पाहुण्यांना उतरवावयाचें कोठें? आमच्या मतें खरी गोष्ट येथून पुढेंच आहे. मार्ग दरवर्षीं बदलतो. हिवाळ्यांत तो जाहीर झाला कीं मुक्कामाच्या गांवीं समित्या नेमल्या जातात; कोणी पाणी पाहतें, कोणी जेवणखाण, कोणी उतरण्याची सोय. शाळांचीं पटांगणें तंबूंनीं भरून जातात, व तीं पुरलीं नाहींत तर गृहस्थ आपल्या घरापुढील हिरवळ मोकळी करून देतात. चर्चमधील बायका फळांचे 'पाय' भाजून विकतात, आणि तो पैसा चर्चच्या कामीं येतो. कित्येक वर्षें आठवडाभराच्या स्वारांची मर्यादा ८,५०० होती. वाटेवरच्या पुष्कळ गांवांची सबंध वस्तीही तेवढी नसते!

पण यजमानपण महागही पडतें. २००४ सालीं क्रॉफर्ड परगण्यांत रस्त्याच्या भेगेपाशीं पडून एक स्वार मरण पावला. परगण्याच्या वतीनें त्याच्या कुटुंबास साडेतीन लाख डॉलर द्यावे लागले, आणि २००७ सालीं परगण्यानें मेळ्यास आपल्या हद्दींत बंदी केली. हा कोतेपणा झाला असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मेळा दुसऱ्यानें भरवावा, आणि दावा लागल्यास ज्याचा रस्ता त्यानेंच एकट्यानें भरावें, हा न्याय लहान परगण्यास कसा पेलावा? पुढें स्वारांकडून लिहून घ्यावयाच्या कराराची दुरुस्ती झाली व बंदी उठली. २०१८ सालीं याच परगण्यांतील डेनिसन गांवीं मेळ्याचा एक रात्र मुक्काम झाला.