खेकड्याची नांगी, गोगलगायीचा पाय आणि आपलं हृदय

जव्हार-मोखाड्यात पहिले पाऊस पडले की माणसं ओहोळाला खेकडे धरायला निघतात. नांगीत बोट सापडलं की ती किती जोरात आवळते, हे इथं कुणाला सांगायला नको. आजचा प्रश्न एवढाच, की नांगीतल्या स्नायूला ‘आवळ’ आणि ‘सोड’ हे सांगतं कोण?

स्नायूत दोन प्रकारचे तंतू असतात. बारीक तंतू ॲक्टिनचे, जाड तंतू मायोसिनचे. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून ओढतात, तंतू एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो. ही ओढ सतत चालू राहिली तर स्नायू सैल कधी पडणार? म्हणून आवर घालणारी प्रथिनं लागतात. त्यांना इशारा देतं कॅल्शियम.

तारपा नाच डोळ्यांसमोर आणा. तारपेवाला सूर बदलतो, तशी नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. कॅल्शियम म्हणजे तो सूर. पण तो ऐकतं कोण, ॲक्टिनची रांग की मायोसिनची? गंमत अशी, की प्राण्याप्राण्यांत उत्तर वेगळं येतं.

आपल्या हातापायांत आणि हृदयात ॲक्टिनची रांग ऐकते. ॲक्टिनवर ट्रोपोमायोसिनची दोरी पसरलेली असते आणि मायोसिनची जागा अडवून धरते. दोरीवर ट्रोपोनिन बसलेलं असतं. त्याला कॅल्शियम चिकटलं की दोरी बाजूला सरते. जपानमधल्या सेत्सुरो एबाशी यांच्या संशोधनातून हे ट्रोपोनिन १९६५च्या सुमारास पुढे आलं.

मग १९७० साली केंड्रिक-जोन्स, लेमन आणि सेंट-ग्योर्गी यांनी शिंपल्यांचे स्नायू तपासले. तिथं कॅल्शियम थेट मायोसिनला चिकटत होतं! १९७५मध्ये लेमन आणि सेंट-ग्योर्गी यांनी प्राणिसृष्टीभरच्या स्नायूंची पाहणी मांडली. शिंपले-गोगलगायींच्या मृदुकाय कुळात मायोसिनचं नियंत्रण, खेकडा-कोळंबीच्या जलद स्नायूंत मुख्यतः ॲक्टिनचं, तर गांडूळ आणि बऱ्याच कीटकांत दोन्ही. पुढे मृदुकाय प्राण्यांतही ट्रोपोनिन सापडलं. म्हणजे ‘याच्याकडे आहे, त्याच्याकडे नाही’ एवढं हे सोपं नाही. कोणत्या कुळात कशावर भर राहिला, हे बघायचं.

मधमाशीनं तर आणखी एक युक्ती काढली. तिचे पंख सेकंदाला २००च्या वर वेळा हलतात. दर फडफडीला कॅल्शियम आत-बाहेर करायला वेळच नाही. कॅल्शियम स्नायू तयार ठेवतं, आणि एक स्नायू आखडला की समोरचा ताणला जातो. तो ताणच त्याचा इशारा.

उत्क्रांती नवीन वस्तू क्वचितच घडवते, जुनीच वाकवून वापरते. ट्रोपोनिनचा कॅल्शियम धरणारा भाग, पेशींतलं कॅल्मोड्युलिन आणि मायोसिनच्या हलक्या साखळ्या ही सगळी एकाच जुन्या घराण्यातली भावंडं. जनुकाची नक्कल होते, नक्कल हळूहळू बदलते आणि वेगळं काम धरते. आपल्या आतड्याच्या स्नायूत ट्रोपोनिन नाहीच. तिथं हुकूम कॅल्मोड्युलिनमार्फत मायोसिनलाच जातो.

याचा आपल्याला उपयोग काय? मोठा आहे. नकला होता होता आपल्यात ट्रोपोनिन-आय या भागाची तीन जनुकं झाली: जलद स्नायूचं, संथ स्नायूचं आणि हृदयाचं. हृदयाचं वेगळं आहे, म्हणूनच रक्ततपासणीत ते ओळखता येतं. दिवसभर लावणी करून पाय भरून आले, तरी हृदयाचं ट्रोपोनिन त्यामुळे वाढत नाही. हृदयाच्या पेशी मेल्या की ते रक्तात उतरतं.

पण नीट ऐका. ते उतरायला काही तास लागतात. छातीत दुखायला लागल्यावर लगेच केलेली तपासणी चांगली आली, म्हणजे धोका टळला असं नाही. डॉक्टर ईसीजी काढतात, पुन्हा रक्त घेतात, तोवर थांबायचं. दुसऱ्या काही आजारांतही ट्रोपोनिन वाढतं, म्हणून अर्थ त्यांनीच लावायचा. पाड्यावरून दवाखाना लांब, त्यात घाट आणि पाऊस. ‘पित्त असेल, सकाळी बघू’ म्हणत रात्र काढू नका. छातीत दाब, घाम, डाव्या हाताला कळ असेल, तर १०८ला फोन करा.

खेकड्याच्या नांगीपासून निघालो आणि स्वतःच्या छातीपाशी पोचलो. अंतर वाटतं तेवढं नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ या.