टाइनम

टाइनम हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यातील एक निर्जन खेडे आहे. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४३ मध्ये, लष्करी सरावासाठी ते रिकामे करण्यात आले. युद्ध संपल्यावरही ग्रामस्थांना परतता आले नाही. हा परिसर आजही संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यात असून लुलवर्थ येथील रणगाड्यांच्या गोळीबार क्षेत्रात मोडतो.

भूगोल

टाइनम ‘आयल ऑफ पर्बेक’ या भागात आहे. नावात बेट असले तरी प्रत्यक्षात हे द्वीपकल्प आहे. गाव एका अरुंद, पूर्व-पश्चिम दरीत वसले होते. उत्तरेस खडूच्या खडकाची डोंगरधार आणि दक्षिणेस चुनखडीची रांग आहे. या दोहोंमधील मऊ माती झिजून दरी तयार झाली. पश्चिमेला समुद्राने हीच माती पोखरून वरबॅरो बे हा किनाऱ्याचा वाटोळा बाक कोरला आहे. उत्तरेकडील धारेवर फ्लॉवर्स बॅरो हा लोहयुगीन कोट असून त्याचा समुद्राकडील भाग कड्याबरोबर ढासळला आहे.

इतिहास

इ.स. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’मध्ये गावाची नोंद आहे. सेंट मेरी चर्चचा काही भाग तेराव्या शतकातील आहे. शेती आणि वरबॅरो येथील मासेमारी ही उपजीविकेची साधने होती. १६८३ पासून येथील जहागीर बाँड कुटुंबाकडे होती व बहुतेक ग्रामस्थ त्यांची कुळे होती. विसाव्या शतकात वस्ती घटू लागली. पुरेशी मुले नसल्यामुळे १९३२ मध्ये शाळा बंद पडली. म्हणजे सैन्य येण्यापूर्वीच गावाला ओहोटी लागली होती, ही गोष्ट टाइनमच्या लोकप्रिय वर्णनांत सहसा मागे पडते.

स्थलांतर

नोव्हेंबर १९४३ मध्ये घरे सोडण्याच्या नोटिसा आल्या. नाताळच्या आठवडाभर आधी गाव व आसपासच्या सुमारे ७,५०० एकर क्षेत्रातील सव्वादोनशेच्या आसपास लोक बाहेर पडले. ही व्यवस्था युद्धापुरतीच आहे, अशी त्यांची समजूत होती. जाताना चर्चच्या दारावर लावलेल्या चिठ्ठीत सैनिकांना चर्च व घरे जपण्याची विनंती केली होती आणि आपण एक दिवस परत येऊ असेही कळवले होते. मात्र १९४८ मध्ये सरकारने ही जमीन सक्तीने संपादित केली. कुळांच्या नावावर जमीनच नसल्याने तिच्या मोबदल्यावर त्यांना हक्क सांगता आला नाही.

गाव परत मिळावे यासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस चळवळ सुरू झाली. १९७३ मध्ये लॉर्ड न्यूजंट यांच्या समितीने लुलवर्थचा सराव अन्यत्र हलविण्याची शिफारस केली; सरकारने ती स्वीकारली नाही. लोकांना ठरावीक दिवशी प्रवेश देण्याची तडजोड तेवढी पदरात पडली.

सद्यस्थिती

बहुतेक घरांची छपरे नाहीशी झाली असून फक्त दगडी भिंती उभ्या आहेत. एलिझाबेथकालीन टाइनम हाउसही बरेचसे पाडण्यात आले. चर्च व शाळा दुरुस्त करून तेथे प्रदर्शन मांडले आहे. दरीवर नांगर व रासायनिक खते यांचा मारा न झाल्याने इतरत्र दुर्मीळ झालेल्या वनस्पती व कीटक येथे टिकून राहिले. ज्या सैन्याने माणसे हटवली त्याच्याच ताब्यामुळे निसर्ग वाचला, हा युक्तिवाद गाव परत मागणाऱ्यांना कायम अडचणीचा ठरला. सराव नसलेल्या दिवशी, प्रामुख्याने शनिवार-रविवारी, पर्यटकांना प्रवेश मिळतो. जमिनीत न फुटलेले तोफगोळे असल्यामुळे आखून दिलेल्या वाटा सोडण्यास मनाई आहे.