ट्रॅक्टर घेताना: तोंडी नको, लेखी हवं

आमच्या गटाने बचतीतून ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं आणि पुण्यातल्या एका शोरूमला ५० हजार रुपये इसार दिला. डीलर म्हणाले, "ताई, सगळं त्यातच धरलंय." आम्हाला वाटलं, विमा, पासिंग, हूडसुद्धा. बिलात मात्र तिन्ही वेगळी लावलेली! आवाज चढले. आमच्या हातात काय, तर फक्त इसाराची पावती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी शांतपणे जाऊन बसलो. एकेक बाब कागदावर मांडली. हूड त्यांनी दिलं, विमा-पासिंगचे पैसे आम्ही भरले. चूक दोघांचीही होती.

म्हणून इसाराआधी सही-शिक्क्याचं कोटेशन घ्या. मॉडेल, किंमत, विमा, पासिंग, अवजारं, ताब्याची तारीख, मोफत सर्व्हिसिंग, सौदा मोडल्यास इसार किती परत, हे सगळं त्यात हवं. शेतीच्या ट्रॅक्टरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ऐवजी ५ टक्के आहे, तेही बघा.

"अनुदान आम्ही मिळवून देतो," यावर विसंबू नका. महाडीबीटीवर अर्ज करा आणि कृषी विभागाची पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधी घेतलं, तर अनुदानाला मुकाल.

बोलून सुटलं नाही, तर डीलरकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. कंपनीलाही कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तिथेही पहिला प्रश्न एकच असतो: कागद आहे का?