चिमणीतली राख शेतात उतरली की मातीचं काय होतं?

चंद्रपूरकरांना गच्चीवरची काळी धूळ नवी नाही. २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, घुग्घुसचा सिमेंट उद्योग असं सगळं इथे जवळजवळ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरला ‘अतिप्रदूषित’ ठरवलं होतं. पण ही धूळ फक्त फुप्फुसात जात नाही, ती शेतातही उतरते.

मातीत काय बदलतं?

धुरातल्या सल्फर डायऑक्साइडचं पाण्याशी मिळून आम्ल बनतं. हे आम्ल मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतं. राखेत मुख्यतः सिलिका, ॲल्युमिना आणि लोह असतं, सोबत शिसं, आर्सेनिक, पारा हे अंशतः येतात. राख बऱ्याचदा अल्कधर्मी असते. ती जास्त साचली, तर पिकाला जस्त आणि लोह मिळणं अवघड होतं.

सगळीकडे सारखाच परिणाम होतो का?

नाही. वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या मातीतला चुना आम्ल बराच शोषून घेतो. गडचिरोलीतल्या भाताच्या हलक्या जमिनीत हे कवच कमी आहे. आता सुरजागडच्या लोहखनिजामुळे कोनसरीतही उद्योग आलाय. जड धातू मात्र कुठल्याच मातीत कुजून संपत नाहीत.

मग शेतकऱ्याला कळणार कसं?

इथेच खरी अडचण आहे. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त असे १२ घटक तपासले जातात. त्यात शिसं, आर्सेनिक, पारा नाहीत. म्हणजे पत्रिका चांगली आली, तरी माती स्वच्छ आहे असं म्हणता येत नाही.