व्याख्या पाठ आहे, पण तुमचा पैसा कुठे बसलाय?

मागच्या व्हिडिओत आपण ‘खेळतं भांडवल’ बघितलं. चालू मालमत्ता वजा चालू देणी. सोपं आहे, परीक्षेत लिहिता येतं. बीबीएला मीपण लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले होते.

पुढे स्टेशनरीचं दुकान टाकलं. पहिल्याच वर्षी शोभेच्या गिफ्ट वस्तूंनी रॅक भरून टाकले. मे महिना आला, शाळा सुरू व्हायच्या आधी वह्या भरायच्या होत्या, आणि होलसेलवाल्याला द्यायला हातात रोख नाही! आईच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. व्याख्या मला येत होती. पण ‘माझं भांडवल या रॅकवर धूळ खात बसलंय’ हे वाक्य मला कुणी लिहायला लावलं नव्हतं.

म्हणून आता माझ्या बॅचमध्ये हा धडा झाला की मी लगेच पुढे जात नाही. प्रत्येकाला वहीत तीन उत्तरं लिहायला सांगते:

१. आज माझा पैसा नेमका कुठे बसलाय? रुपयांत लिहा.
२. तो हातात परत यायला किती दिवस लागतात?
३. हे दिवस कमी करायला मी उद्या कोणती एक गोष्ट करेन?

आणि मग सगळ्याचं मिळून एक वाक्य, स्वतःच्या शब्दांत.

सुरुवातीला बहुतेक जण ‘पैसा फिरता ठेवावा’ असं लिहितात. मी म्हणते, हा सुविचार झाला, तुमच्या धंद्याचं सांगा. एका बॅचमध्ये शिवणकाम करणाऱ्या ताई होत्या. त्यांनी मोजलं तर ४० ब्लाउज शिवून तयार, पण ग्राहक न्यायलाच येत नव्हते. ३०० रुपये शिलाई धरली तर १२ हजार अडकलेले. अस्तर आणि हुकाचा खर्च मात्र खिशातून आधीच गेलेला. त्यांनी लिहिलं, “माझं भांडवल खुंटीवर टांगलेलं आहे.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कापड घेतानाच निम्मी शिलाई ॲडव्हान्स घ्यायला सुरुवात केली. हे वाक्य मी त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी नुसती मान डोलावली असती.

एक गोष्ट मात्र सांभाळा. स्वतःचा अर्थ म्हणजे वाटेल तो अर्थ नाही. एकाने लिहिलं, “माझा नफा कमी आहे म्हणून हातात पैसा नाही.” हिशोब मांडला तर नफा ठीक होता, पैसा उधारीत अडकला होता. नफा वेगळा, रोकड वेगळी. त्यामुळे वाक्य लिहून झालं की परत व्याख्येशी ताडून बघायचं. आकडा जुळला तर वाक्य खरं.

आणि शेजाऱ्याचं वाक्य उतरवू नका. मसालेवाल्या बाईंचा पैसा वर्षभराच्या मिरचीच्या पोत्यात असेल, मोबाईलवाल्याचा जुन्या मॉडेलच्या कव्हरमध्ये. धडा एकच, पण औषध प्रत्येकाचं वेगळं.

तर आज रात्री गल्ला मोजून झाला की दहा मिनिटं काढा, वही उघडा आणि तीन उत्तरं लिहा. ज्या दिवशी तुमचं वाक्य तयार होईल, त्या दिवशी हा धडा तुमचा झाला. तोपर्यंत तो फक्त माझा व्हिडिओ आहे.